शस्त्रक्रियेत काढलेल्या नमुन्यांचे फोटो: कमी खर्चात, पण उपयोगी पडतील असे

सर्जन_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगावात माझं छोटं नर्सिंग होम आहे. पित्ताशय, अपेंडिक्स, थायरॉइड, स्तनातल्या गाठी, कधीमधी आतड्याचा भाग, मधुमेहामुळे काढावी लागलेली बोटं, अशी नेहमीची कामं असतात. काढलेला नमुना फॉर्मेलिनच्या (नमुना कुजू न देणारं रसायन) डब्यात मिरजेला पॅथॉलॉजीकडे जातो, रिपोर्ट येतो, फाइल बंद होते.

अडचण नंतर येते. तोच पेशंट पुढे कोल्हापूरला किंवा मुंबईला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जातो आणि तिकडून फोन येतो: गाठ कोणत्या कडेच्या जवळ होती? कातडी आत ओढली गेली होती का? बाहेरचं आवरण शाबूत होतं का? तेव्हा हाताशी फक्त ऑपरेशन नोटमधली दोन-चार वाक्यं असतात. नमुन्याचे तर काप होऊन गेलेले असतात. तो पुन्हा बघता येत नाही.

मोठ्या संस्थांत यासाठी टेबलावर कॅमेरा, दिवे, स्टँड असं सगळं बसवलेलं असतं, पण ते लाखांच्या घरात जातं. माझ्याकडे बऱ्यापैकी मोबाइल आहे आणि थोडा खर्च करायची तयारी आहे. आत्ता फोटो काढतो त्यात निम्मा नमुना चकाकतो आणि रंग दर वेळी वेगळा येतो. पॅथॉलॉजीवाले, फोटोग्राफीवाले, कारागीर, ज्यांना जे माहीत आहे ते सांगा.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टर, हा धागा काढलात ते फार बरं केलंत. मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे. नमुना माझ्या टेबलावर येईपर्यंत त्याचं रूप पालटलेलं असतं. रक्ताचा लाल रंग फॉर्मेलिनमध्ये करडा-तपकिरी होतो, कातडी आणि आतडं आखडतं, मऊ गोष्टी घट्ट होतात. तुम्ही पोटात मोजलेली आतड्याची कड माझ्याकडे मोजली की कमी भरते, आणि त्यात दोघांचीही चूक नसते. म्हणून ताज्या नमुन्याचा फोटो ही गोष्ट तुमच्याच हातात आहे. मी कितीही चांगला कॅमेरा घेतला तरी तो क्षण माझ्याकडे येत नाही.

पण फोटोसाठी फॉर्मेलिन थांबवू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-टू या (कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या) तपासण्या भरवशाच्या व्हायच्या असतील तर नमुना निघाल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. फॉर्मेलिन ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण १ मिलीमीटर शिरतं, पुढे त्याचा वेग आणखी मंदावतो. डबा मोठा घ्या, नमुन्याच्या निदान दहापट फॉर्मेलिन हवं. आणि ते १०% बफर केलेलं हवं: १०० मिली बाजारातलं फॉर्मेलिन, ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. फोटो कितीही सुंदर आला आणि नमुना आतून कुजला, तर पेशंटच्या काहीच उपयोगाचं नाही.

दुसरं म्हणजे दिशा. आखूड धागा वरच्या कडेला, लांब धागा बाहेरच्या कडेला, ही पद्धत बहुतेक ठिकाणी चालते. धागे बांधल्यावरच फोटो काढा आणि फोटोत दोन्ही धागे दिसू देत. दिशा कळत नसेल तर फोटोवरून मला काहीच ठरवता येत नाही.

तिसरं, नमुना स्वतः कापू नका. कडांना शाई लावल्याशिवाय काप घेतला की खरी कड कुठली आणि कापामुळे झालेली कुठली हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. बाहेरून सगळ्या बाजूंचे फोटो मात्र हवेत. गुदाशयाच्या कॅन्सरचा नमुना असेल तर उघडायच्या आधी पुढून आणि मागून असे दोन फोटो हवेतच. भोवतीच्या चरबीचं आवरण गुळगुळीत आणि अखंड आहे, की त्यात खाचा पडल्यात, की खालचा स्नायू उघडा दिसतोय, यावर शस्त्रक्रियेची प्रत तीन पायऱ्यांत ठरवली जाते, आणि आजार पुन्हा उद्भवण्याच्या शक्यतेशी तिचा संबंध असतो. मी काप घेतले की ते आवरण पुन्हा कुणालाच बघता येत नाही.

ओटीताई

मी सांगलीत ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे. आमच्याकडे फोटो काढतात, त्यातलं सांगते. ज्याच्या हातात रक्ताचे ग्लोव्हज आहेत त्याने मोबाइलला हात लावायचा नाही. नमुना ठेवणारा एक, फोटो काढणारा दुसरा. मोबाइल झिपच्या पारदर्शक पिशवीत घालतो, फक्त लेन्सच्या जागी प्लास्टिक ताणून सपाट ठेवायचं, सुरकुती असली तर फोटो धुरकट येतो.

नमुन्यावरचं रक्त सलाइनने हलकेच धुवायचं, नळाचं पाणी नको. मग ओल्या गॉजने टिपायचं, पुसायचं नाही. कोरडा गॉज वापरला तर त्याचे धागे चिकटतात आणि फोटोत मोठे दिसतात.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा. बॉलपेन आणि जेलपेनची शाई पसरते, पेन्सिल फॉर्मेलिनमध्येही टिकते. चिठ्ठीवर पेशंटचं नाव नको, आयपीडी (दाखल पेशंटचा) नंबर, तारीख आणि उजवी-डावी बाजू एवढंच. तीच चिठ्ठी फोटोत आणि तीच डब्यात टाकली तर फोटो कुणाचा आणि डबा कुणाचा ही शंकाच राहत नाही.

डार्करूम

डॉक्टर, माझा सांगलीत फोटो स्टुडिओ होता, रोल धुण्याच्या काळापासून. तुमची चकाकीची तक्रार वाचली आणि राहवलं नाही.

ओल्या वस्तूवर दिवा समोरून मारला की तो दिवाच फोटोत दिसणार. ओटीचा मोठा दिवा या कामाला नको, तो एकाच जागी फार झोत टाकतो. तो बाजूला वळवा. नमुन्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना ४५ अंशांवर दोन सारखे एलईडी दिवे लावा, पुढे ट्रेसिंग पेपर ताणून बसवा. दिवे घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघा, ९० च्या वरचा घ्या, आणि रंग ५००० ते ५५०० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा. स्वस्त दिव्यात लाल रंगच अर्धा मरतो आणि तुमचं सगळं काम लाल रंगातच आहे. दोन्ही दिवे एकाच जातीचे असू देत, खोलीतली ट्यूब बंद करा. फोटोत आडवे काळसर पट्टे येत असतील तर ते विजेच्या ५० हर्ट्झमुळे असतात, शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवला की जातात.

तरीही चकाकी राहिली तर पोलरायझर, म्हणजे चकाकीचा उजेड अडवणारी फिल्म. दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म लावायची, दुसरा तुकडा लेन्ससमोर धरून फिरवायचा. एका ठिकाणी चकाकी एकदम नाहीशी होते आणि खालचा रंग दिसायला लागतो. फिल्म विकत मिळते, पण बंद पडलेल्या एलसीडी मॉनिटरच्या काचेवरही हीच फिल्म चिकटवलेली असते. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून फुटका पॅनेल आणा आणि सावकाश सोलून काढा. दोन फिल्ममधून उजेड निम्म्याहून बराच कमी होतो, त्यामुळे दिवे जरा जोरदार लागतात आणि मोबाइल स्टँडवर हवा.

पाठीमागे हिरवं कापड नको. मोबाइल हिरवा रंग बघून बाकीचं सगळं गुलाबी करतो, आणि घड्यांच्या सावल्या वेगळ्याच. नेमप्लेट किंवा रेडियम कापणाऱ्या दुकानात मॅट काळं किंवा निळं अ‍ॅक्रिलिक मिळतं, ते घ्या. पुसता येतं. काळ्यावर मोबाइल आपोआप फोटो उजळ करतो आणि पिवळी चरबी पांढरी पडते, म्हणून स्क्रीनवर नमुन्याला बोट लावून उजेड थोडा खाली ओढायचा. सावलीच नको असेल तर साधी काच चार ठोकळ्यांवर वीतभर उंच ठेवा, काळं अ‍ॅक्रिलिक खाली, नमुना काचेवर. सावली खाली पडते आणि काळ्यात मिसळून जाते.

मोबाइलमधलं एआय, ब्युटी, सीन ओळखणं, सगळं बंद करा. लालसर मऊ वस्तू दिसली की काही फोन ती जेवणाची थाळी समजून रंग भडक करतात.

सूक्ष्मदर्शी

काका, फार उपयोगी लिहिलंत. पोलरायझरबद्दल माझं एक म्हणणं आहे. निरोगी पोटाचं आवरण चमकदार असतं, सूज आली की त्याची चमक जाते. अपेंडिक्सच्या वर्णनात आम्ही हे मुद्दाम लिहितो. पोलरायझरने चमक पुसली तर निरोगी आणि सुजलेलं आवरण सारखंच दिसेल. म्हणून फिल्म न लावता एक आणि लावून एक, असे दोन फोटो घ्यावेत.

डार्करूम

बरोबर आहे मॅडम. लेन्ससमोरची फिल्म काढली की झालं, दिवे हलवायचे नाहीत. दोन्ही फोटो एकाच जागेवरून येतात, शेजारी ठेवून बघता येतात.

पीजी_पॅथ

मी रेसिडेंट आहे. ऑफिसमधला फ्लॅटबेड स्कॅनर कुणी वापरून बघितलाय का? स्तन, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचे फिक्स केलेले (फॉर्मेलिनमध्ये घट्ट झालेले) सपाट काप स्कॅनरवर इतके स्वच्छ येतात की मोबाइल बाजूला ठेवावासा वाटतो. काच पारदर्शक प्लास्टिकने झाकायची, बुडबुडे काढायचे, वर काळं कापड. ६०० डीपीआयला एका सेंटीमीटरमध्ये २३६ पिक्सेल येतात, आणि अंतर बदलत नसल्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप एकच. त्या फोटोवरूनच गाठ मोजता येते. जुना जाड सीसीडी स्कॅनर मिळाला तर उत्तम, तो काचेच्या थोडं वरचंही टिपतो. आताचे पातळ स्कॅनर फक्त काचेला टेकलेलं स्पष्ट दाखवतात.

सूक्ष्मदर्शी

कापांसाठी चांगला आहे, अख्ख्या नमुन्यासाठी नाही. काचेवर ठेवला की मऊ नमुना स्वतःच्या वजनाने चपटा होतो, आणि आपल्याला आकारच तर टिपायचा असतो. शिवाय त्या स्कॅनरवर पुन्हा कधीही कागद स्कॅन करायचे नाहीत. तो ग्रॉसिंगच्याच (नमुने कापायच्या) खोलीत राहिला पाहिजे.

पॉलिप, आतड्याचं अस्तर, झालरीसारखी कुठलीही नाजूक रचना असेल तर मला पाण्यातला फोटो आवडतो. काळ्या तळाच्या ट्रेमध्ये नमुना ठेवायचा, वर बोटभर द्रव, ताज्याला सलाइन, फिक्स झालेल्याला ७० ते ८०% अल्कोहोल. चकाकी आपोआप जाते आणि चिकटून बसलेल्या झालरी सुट्या होऊन तरंगतात. अल्कोहोलमध्ये फिक्स नमुन्याचा गेलेला रंगही थोडा परत येतो. मेडिकल कॉलेजांच्या म्युझियममधल्या बरण्यांसाठी वापरतात त्या कायझरलिंगच्या पद्धतीत अल्कोहोलची पायरी याचसाठी असते. ताजा नमुना मात्र सलाइनमध्ये फोटोपुरताच, लगेच बाहेर.

कुपवाड_फॅब

कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. स्टँड करून देतो, फार काही नाही त्यात. जाड पत्र्याचा बेस, एक इंची उभा पाइप, त्यावर वर-खाली होणारा आडवा हात, टोकाला मोबाइलचा क्लॅम्प. गंज नको म्हणून पावडर कोटिंग. पण मोबाइल नमुन्यापासून किती उंच पाहिजे ते सांगा. वीतभर पुरेल का?

डार्करूम

वीतभर नको. स्टँड करायच्या आधी डॉक्टरांनी एखाद्या बंद स्टुडिओत जुना एन्लार्जर (रोलवरून मोठे फोटो काढायचं यंत्र) पडलाय का बघावा. खालचा लाकडी बोर्ड, उभा दांडा, फिरवून वर-खाली करायची चकती सगळं तयार असतं. वरचं डोकं काढायचं आणि क्लॅम्प बसवायचा. भंगाराच्या भावात देतील.

आता अंतराचं, कारण माप यावर अवलंबून आहे. समजा थायरॉइड ५ सेंटीमीटर उंच उठलेला आहे आणि मोबाइल बोर्डापासून २० सेंटीमीटरवर. मग माथा लेन्सपासून १५ वर, तळ २० वर. माथा तळापेक्षा एक तृतीयांशाने मोठा दिसणार. पट्टी तळाला ठेवली असेल तर तुमचं माप तेवढंच चुकणार. मोबाइल ६० सेंटीमीटरवर नेला तर फरक ९ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून ५० ते ६० सेंटीमीटर अंतर आणि दोनपट झूम. फार जवळ गेलात की बरेच फोन गुपचूप वाइड लेन्सवर जातात आणि कडा फुगतात.

आणि पट्टी नमुन्याच्या त्या पातळीवर उचलून ठेवा जिथलं माप हवंय. खाली अ‍ॅक्रिलिकचे छोटे ठोकळे ठेवले की झालं.

मोबाइल सरळ खाली बघतोय का हे तपासायला बोर्डावर सपाट आरसा ठेवा. मोबाइलच्या लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्ये दिसलं की काटकोन झाला.

पीजी_पॅथ

पट्टीबद्दल: स्टीलची नको, चमकते. गुन्ह्याच्या तपासात एल आकाराची, वर्तुळं छापलेली पट्टी वापरतात, कारण कॅमेरा तिरका असेल तर वर्तुळ लांबट दिसून ते लगेच कळतं. तशीच पट्टी साध्या कागदावर छापता येते. प्रिंट करताना ‘पानात बसवा’ बंद करून १००% वर छापा आणि पहिलं पान चांगल्या पट्टीशी पडताळून बघा. प्रत्येक पेशंटला नवी, काम झालं की कचऱ्यात. पट्टीवरच करड्या रंगाचा चौकोन असेल तर रंग नंतर जुळवायलाही सोपं जातं.

हळदबाजार

मी डॉक्टर नाही. माझ्या आईचं गेल्या वर्षी स्तनाचं ऑपरेशन झालं म्हणून हा धागा वाचतोय. हे फोटो कुठं राहतात? डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये लेकराबाळांच्या फोटोंशेजारी आईच्या शरीराचा भाग असणार का? राग नाही, पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

सर्जन_तासगाव

दादा, तुम्ही विचारलंत ते अगदी योग्य आहे, आणि हे आधी ठरल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही. संमतीपत्रावर वेगळी ओळ घालतोय: काढलेल्या भागाचे फोटो उपचाराच्या नोंदीसाठी घेतले जातील. शिकवण्यासाठी वापरायचे असतील तर त्याची सही वेगळी, आणि ती नाकारली तरी उपचारात फरक नाही. सिस्टर ती ओळ मराठीत वाचून दाखवतील. फोटोसाठी एक वेगळा मोबाइल घेतोय, सिमकार्ड नसलेला, ओटीतच राहणारा.

सूक्ष्मदर्शी

नियमांचं जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णालयात दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपाव्या लागतात आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आता आहे. दादा, आईंच्या कागदपत्रांच्या प्रती तुम्ही मागू शकता.

नाव लपवलं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातावर गोंदण असतं, त्यात कधी नवऱ्याचं नाव, कधी गावदेव. काढलेल्या कातडीवर किंवा हातापायावर ते असेल तर फोटो नोंदीत राहू द्या, बाहेर पाठवताना तो भाग झाका. मोबाइलमधलं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या आत ठिकाण नोंदलं जातं.

मला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून नका पाठवू, तो दाबून लहान होतो आणि बारीक धागे दिसेनासे होतात. फाइल म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह डब्यासोबत द्या. ग्रुपवर तर कधीच नको.

ओटीताई

साठवणीचं एक. २०१९ च्या पुरात सांगलीत तळमजल्यांवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. फोटोंची एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या गावात, पासवर्ड घालून. फाइलला नंबर आणि तारीख अशी नावं त्याच दिवशी द्यायची. महिन्याने कुणालाच आठवत नाही.

सर्जन_तासगाव

मंडळी, एन्लार्जर मिळाला, सांगलीतल्याच एका बंद स्टुडिओत. कुपवाडच्या दादांनी क्लॅम्प आणि दिव्यांचे हात करून दिले. परवा थायरॉइडचा अर्धा भाग काढला, त्याचे पुढून, मागून आणि बाजूने फोटो घेतले, धागे आणि पट्टीसकट, आणि नमुना पाच मिनिटांत फॉर्मेलिनमध्ये गेला. फोटो मॅडमकडे फाइल म्हणून पाठवलेत.

सूक्ष्मदर्शी

मिळाले. मागचा फोटो मला सगळ्यात उपयोगी पडला. वरच्या टोकापाशी एक लहान पिवळसर-तपकिरी ठिपका दिसत होता, फॉर्मेलिननंतर तो भोवतालच्या रंगात पूर्ण मिसळला होता. फोटो बघून तिथला वेगळा काप घेतला, ती पॅराथायरॉइड ग्रंथी निघाली. फोटोशिवाय तो काप मी घेतला असता असं नाही.

तुमचा फोटो साध्या कागदावर छापून घेतला आणि कोणता ब्लॉक (तपासणीसाठी मेणात बसवलेला तुकडा) कुठून घेतला ते त्यावर ए१, ए२ असं पेनने लिहिलं. तो कागद रिपोर्टला जोडून पाठवतेय.

पुढच्या वेळी दोन गोष्टी करा. मधली कापलेली कड, जिथे दुसरा भाग सुटा केला, तिचा समोरून एक फोटो हवा. आणि दिव्यापुढचा ट्रेसिंग पेपर डावीकडे सैल आहे, त्या बाजूला अजून थोडी चकाकी येतेय.

कुपवाड_फॅब

ट्रेसिंग पेपरसाठी पत्र्याची चौकट करून देतो, चार क्लिपा लावून. शनिवारी तासगावला येणारच आहे.